बराकीतली गरमी

बाबा,

आपल्या धाकट्यासाठी नेलेलं जेलच्या दारातून परत आलं. विणलेला पंखा, चाळीस रुपयांचा, दांडी आहे म्हणून नको. कोकमाचं सरबत घरचंच, तेही नको. दापोड्याच्या गोदामातल्या चोरीत त्याला धरलंय, खटला अजून सुरूसुद्धा नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो दहाचा होता.

बराकीला पत्र्याचं छप्पर आहे. वरचा पंखा गरम वाराच फेकतो, कूस बदलायला जागा नाही. आतलं तापमान मोजा आणि कमी करा, असा वकिलांनी अर्ज केला. तर उत्तर आलं, बराकीत मोजायची सोयच नाही. साहेबांच्या खोलीत कूलर घरघरत होता. तारीख सोमवारची पडली, आज गुरुवार.

काल मुलाखतीला गेले. दर वेळी काचेपलीकडे त्याचा सदरा भिजलेला असायचा, काल कोरडा होता. तोंड लालबुंद. फोनवर म्हणाला, "ताई, आता घाम येत न्हाय बघ. सवय झाली." मग विचारलं, "बाबा शिफ्टवरून आले का गं?"

माझ्या लहानपणीचा मे महिना आहे, मी लूमच्या शेडमध्ये तुमचा डबा घेऊन आलेय. धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंद. शेजारच्या लूमवरचे चाचा भिंतीला टेकून बसलेत, आणि मी शहाणपणाने म्हणते, चाचांना आता बरं वाटतंय, घामसुद्धा नाही. तुम्ही कळशी उचलून त्यांच्या डोक्यावर ओतता, शेठचं तयार कापड भिजतं, त्याची पर्वा न करता माझ्यावर ओरडता, "घाम थांबला म्हंजे माणूस चाललाय, कळलं?" चाचा संध्याकाळपर्यंतच होते.

हे आज सकाळी उठून वकिलांना घेऊन जेलच्या फाटकावर गेलेत. दुपार टळली, अजून फोन नाही. मी देवापुढे बसलेय, पण जप पुढे सरकत नाही.

घरच्यांना सांगितलं की मला घरी आल्यावर आठवलं. खरं ते तुम्हाला सांगते, बाबा. तुमचं ओरडणं मला काचेसमोरच आठवलं होतं. हवालदार म्हणाला, चलो, टाइम हो गया, मागच्या बाईने कोपर लावलं, आणि मी उठले. मॅट्रिक झालेली बाई मी, साहेबांना एक वाक्य सांगायचं होतं. चारचौघांत लाज वाटली.

पाकिटावर पत्ता काय घालू? धाकटा तुमच्याकडे पोचला असेल, तर तेवढं उलट टपाली कळवा.