विळ्याचा अर्धा शब्द

गडचिरोली,
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय राजदीप भाऊजी,
सप्रेम जय भीम.

तुमचा फोन लागत नाही. जिवतीत पुन्हा रेंज गेली असावी. तुमच्या शाळेतले प्रवीण सर इथे दवाखान्यात भेटले, त्यांच्या हाती हे पाठवते आहे. आई बरी आहे. घरचं धान चांगलं आहे.

रिनाताईला ताप आहे. काल आई तिला माझ्या लॅबमध्ये घेऊन आली. कालपासूनच आहे, असं ताई म्हणाली. रक्ताची स्लाइड मीच पाहिली. मलेरिया, फॅल्सिपेरम. त्यात विळ्याच्या आकाराचे जंतू होते. ते ताप आल्याबरोबर दिसत नाहीत, आठ-दहा दिवस लागतात.

म्हणजे गेल्या आठवड्यात डोहाळजेवणाला तुम्ही आलात, तेव्हाच ताप होता. धुरपता मावशी तिच्या गालांकडे बघून म्हणाल्या होत्या, "पोरगीच होते पाय, कसं तेज आलं तोंडावर." सगळ्या हसल्या, तुम्हीही. ते तेज नव्हतं. तापाची गोळी घेऊन ती पाटावर बसली होती. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तिला त्याच दिवशी चंद्रपूरला नेलं असतं, आणि जंगलातल्या गावी बाळंतपण नको हे मी आधीच सांगितलं होतं, असं आईला तुमच्याकडून ऐकावं लागलं असतं, म्हणून तिनं लपवलं.

इंजेक्शन सुरू झाल्यावर तिनं रिपोर्टवरच्या 'फॅल्सिपेरम'वर बोट ठेवून विचारलं, "मराठीत काय म्हनतेत याले?" मी सांगितलं, लॅटिन शब्द आहे, फाल्क्स म्हणजे विळा.

"धान कापाचा?" म्हणाली, आणि हसली.

उरलेला अर्धा शब्द मी सांगितला नाही. पारेरे म्हणजे प्रसवणे. विळे प्रसवणारा. नाव ठेवणाऱ्यानं नुसता आकार पाहिला असेल. हा शब्द मी रोज रिपोर्टवर लिहिते. काल हात थांबला.

तिचं रक्त कमी आहे, आज एक पिशवी चढवली. बाळाचे ठोके लागतात. हालचाल सकाळपेक्षा कमी आहे. डॉक्टर 'बघू' म्हणतात. हा शब्द मला कोणत्याच भाषेत आवडत नाही.

"त्यायले सांगू नोको," असं तिनं बजावलंय. बोलावू नको, असं म्हणालेली नाही. वॉर्डाचं दार उघडलं की तिकडेच बघते.

मिळेल त्या गाडीनं या. रागवायचं ते माझ्यावर रागवा, वॉर्डाच्या बाहेर.

वाट पाहणाऱ्या दोघींपैकी एक,
तुमची साळी
पुनम