साडेसातशे वॅटचा डबा

आये, तू गेलीस तेव्हा माझी पोर दोन वर्षांची होती, तुझ्या मासळीच्या रिकाम्या टोपलीत अंगाचं मुटकुळं करून झोपायची. आता एकवीसची आहे. गोखिवऱ्याला पुठ्ठ्याच्या कंपनीत ऑफिसात बसते, आणि या शुक्रवारी तिने घरात कॉम्प्युटर बनवला. विकत आणला नाही, बनवला. सुटे भाग आणून. तो पण खेळायचा कॉम्प्युटर. कपाळाला हात लावू नको, मी लावून झालाय. चौथीपर्यंत शिकवलंस तेवढ्याच अक्षरात लिहिते. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला लिहायला भीती वाटत नाही.

खेळ म्हणजे काय, तर पाच पोरींची टीम आहे. एक पुण्याची, एक नाशिकची, बाकीच्या कुठल्या ते मला ठाऊक नाही. कानाला हेडफोन लावून आपापल्या घरी बसतात आणि दुसऱ्या टीमशी बंदुका घेऊन लढतात. मागच्या मोठ्या मॅचला हिचा जुना लॅपटॉप मधेच गोठला आणि हिच्यामुळे चौघी हरल्या. त्यांनी सरळ सांगितलं, रविवारच्या मॅचला नीट मशीन नसेल तर आम्ही दुसरी मुलगी घेतो. मला वाटलं, बरं झालं, सुटली. पण तिचं तोंड बघितलं आणि गप्प बसले. आये, ती तशी रडणारी पोर नाही. रडली असती तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

भाग निवडायला तिने चार महिने लावले. वहीत यादी. प्रोसेसर हा घेतला तर मदरबोर्ड तो लागतो, तो मदरबोर्ड घेतला तर रॅम दुसरी, ग्राफिक कार्ड लांब घेतलं तर कॅबिनेटमध्ये मावत नाही, म्हणजे पेटीच मोठी हवी. खोडायची, परत लिहायची. जेवताना पण मोबाईलवर कुणीतरी माणूस कार्डं उलटीपालटी करून दाखवतोय. मी म्हटलं, "अगं, लग्नाला मुलगा बघताना पण लोक एवढं बघत नाहीत." ती म्हणाली, "म्हणूनच मग तसले मुलगे मिळतात, मम्मी." तिचा बाप तिथेच जेवत होता. हसला, काय करणार.

त्या यादीत सगळ्यात खाली एक डबा होता. एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना वाटून देतो. काळा, चौकोनी, मागे वायरींचा गुंता. यादीत त्याच्यापुढे तिने साडेसातशे वॅट लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी त्या रेघा बघितल्या. बघून पण मी काय केलं ते ऐक.

शुक्रवारी तिच्या कंपनीला कसलीशी सुट्टी होती. मी ठरवलं, दुकान उघडायच्या वेळेला जायचं. भवानीच्या वेळेला. पहिलं गिऱ्हाईक कुणी हातचं सोडत नाही, हे मला तू शिकवलंस, आणि कॉम्प्युटरवाला झाला म्हणून काय तो धंदेवाला नाही? स्टेशनच्या गल्लीतलं दुकान. शटर अर्धं वर होतं, देवाला अगरबत्ती लावत होता तेव्हाच मी आत शिरले. निघताना पोरीला बजावलं होतं, "भाव मी करणार. तू भाग ओळख, तोंड उघडू नको."

एकेक खोकं काचेवर आलं. ती हातात घेऊन नंबर वाचायची, वहीशी ताडून बघायची, मान हलवायची. मी आकडा पाडायची. दुकानदार चांगला होता, तरणा, मला मावशी म्हणत होता. पण ग्राफिक कार्डावर तो अडला. "मावशी, याच्यात मला काहीच सुटत नाही." मी म्हटलं, "भवानीला नाही म्हणतोस? उठते मी." खरंच उठले. तो घाबरला नाही, हसला आणि म्हणाला, "मग दुसरीकडे कुठेतरी कमी करू." मी त्या काळ्या डब्यावर बोट ठेवलं. म्हटलं, "हा काय एवढा महाग? वायरींचा डबा. आत बसणार, कुणाला दिसणार आहे? याच्यात हलका काढ, आणि त्या बदल्यात तो काचेचा, लाईटवाला कॅबिनेट दे."

पोर बोलली. "मम्मी, तो बदलू नको. कार्डाला तेवढा लागतो."

आणि मी दुकानदारासमोर, मागे उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर तिला म्हटलं, "गप. सौद्यात मधे बोलायचं नाही."

आये, तो आवाज माझा नव्हता. तुझा होता. तसाच, नाकातून आलेला.

तुला आठवतं का ठाऊक नाही. मला आठवतं. पाचूबंदरला बोट लागली आहे, वाळूत टोपल्या मांडल्यात, लिलाव चाललाय. तू पापलेटांच्या टोपलीवर बोली लावते आहेस, समोर तुझी ती वैरीण, दोघींची चढाओढ. मी दहा वर्षांची, तुझ्या गुडघ्याशी टेकून. वरची पापलेटं चांदीसारखी. मी सहज टोपलीत हात घातला, खालच्या एकाचा कल्ला उघडला, आतून मातकट. दुसऱ्याचा उघडला, तसाच. मी म्हटलं, "आये, खालची जुनी हायत." तू मागे न बघता उलट्या हाताची माझ्या तोंडावर मारलीस. "मदी बोलू नको." आणि टोपली घेतलीस. दुपारी बाजारात ती विकली गेली नाही, तू कुणाला न दाखवता खतवाल्याच्या टेम्पोत ओतलीस. मला एक शब्द बोलली नाहीस. फक्त जेवताना कालवणातली अख्खी गाबोळी माझ्या ताटात वाढलीस, बाबाला पण नाही दिलीस. मला वाटलं मिटलं. सोमवारी मी दप्तर उचललं तर म्हणालीस, "ठेव ते. तुजा डोला चांगला हाय. बंदरावर चल." तेव्हापासून मी बंदरावर आहे. मी बरोबर होते, त्याचं मला हे मिळालं. इतकी वर्षं मला तुझा राग आहे. आज लपवून काय करू.

तर शुक्रवारी दुपारी स्वयंपाकघराच्या लादीवर आमचा कॉम्प्युटर. तिने मला पंखा बंद करायला लावला, धूळ नको म्हणून. अधूनमधून ती नळाला हात लावायची. अंगातली वीज काढून टाकायची म्हणे, नाहीतर भाग मरतात. मी उजेडाला बॅटरी धरून बसले. तिने प्रोसेसर ठेवला, वरची दांडी दाबली आणि असा करकर आवाज आला की मला वाटलं, मोडलं. ती म्हणाली, "होतो तसा." एवढंच बोलली. दुकानातून निघाल्यापासून ती कामापुरतंच बोलत होती. हा स्क्रू दे. उजेड इकडे. माझे पाय भरून आले तरी मी उठले नाही.

चार वाजता बटण दाबलं आणि पेटलं. काय सुंदर दिसत होतं, आये! निळे, गुलाबी लाईट, पंखे फिरताहेत. मी म्हटलं, "बघितलंस? उगाच घाबरत होतीस." तिने कीबोर्ड ओढला. तासभर त्याच्यात काय काय भरत बसली. मग खेळ लावला. पंखे जोरात व्हायला लागले, पडद्यावर डोंगर, घरं, माणसं पळताहेत, आणि एकदम काळं. सगळं बंद. परत लावलं. दहा मिनिटं, परत काळं. तिसऱ्यांदा तिने लावलं तेव्हा मला बघवेना, मी भांडी घासायला गेले. तो पंखा चढण्याचा आवाज ऐकत एकच पातेलं घासत राहिले. आवाज चढला, चढला, आणि तुटला.

मी तिथूनच ओरडले, "फसवलं मेल्याने आपल्याला!"

ती म्हणाली, "कार्डाला वीज पुरत नाही, मम्मी. कार्ड जळायच्या आधी मी हे बंद ठेवते." वायर काढली. वही उचलली, ती दोन रेघांची, आणि कपाटात ठेवून दिली. टीमच्या पोरींना काही कळवलं की नाही, विचारायची माझी हिंमत झाली नाही. माझी हिंमत, बंदरावर लिलावात भांडणाऱ्या बाईची.

शनिवारी ती कामावर गेली. मी बाजारात बसले खरी, पण लक्ष नव्हतं. सुरमई मागणाऱ्या बाईला रावस कापून दिला, तिने माझा उद्धार केला, मी ऐकून घेतला. अकरा वाजता शेजारच्या बाईला म्हटलं, माझे वाटे बघ, आणि भर गर्दीत उठले. दुकानात गेले ते मासळीच्या हातांनीच. आत बसलेली पोरं बाजूला सरकली. दुकानदाराने मला बघितलं आणि न विचारता साडेसातशेचा डबा काचेवर ठेवला. म्हणाला, "जुना परत घेता येणार नाही, मावशी. सील फोडलंय." मी म्हटलं, "मी मागितलं काय?" त्याने सांगितला तो आकडा दिला. जन्मात पहिल्यांदा. त्यालाच कसंतरी झालं, स्वतःहून थोडं कमी करायला लागला. मी म्हटलं, "राहू दे."

पोर घरी आली तेव्हा डबा लादीवर होता. तिने खोक्यावरचा आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं. मी आधीच बोलले. "दिला बदलून. त्याचीच चूक होती. चांगली हजेरी घेतली त्याची."

"असं?" ती म्हणाली. "त्याचीच?"

"मग काय."

तिने मोबाईल काढला. "मग त्याच्या दुकानाला एक स्टार देते. लिहिते, चुकीचा माल गळ्यात मारला. वाचतात लोक, गिऱ्हाईक तुटतं."

आणि खरंच लिहायला लागली. अंगठे चालले होते तिचे. मी उभी. मला तो तरणा दिसत होता, अर्ध्या शटरखाली अगरबत्ती लावणारा. धंद्यावर बसणाऱ्या माणसाचं नाव खराब करणं म्हणजे काय, ते मला सांगायला नको. पण तोंड उघडेना, आये. दात एकमेकांवर बसलेले. शुक्रवारी मी गप केल्यावर पोर बाहेर जाऊन उभी राहिली होती. तेव्हा त्या दुकानदाराने मला दोनदा सांगितलं होतं. मावशी, हा पुरणार नाही. मावशी, ती बरोबर बोलते आहे. मी म्हटलं होतं, तू बिल कर.

"थांब," मी म्हटलं. "त्याने सांगितलं होतं मला."

ती थांबली. मोबाईल उलटा करून मला दाखवला. काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसता कुणाशी चाललेला मेसेज.

"मला माहितीय," म्हणाली. "मी दारातच होते. ऐकत होते."

मग खाली बसली, स्क्रू ड्रायव्हर घेतला. मी बॅटरी धरली. सॉरी वगैरे मी काही म्हटलं नाही, तिने पण मागितलं नाही. जुना डबा काढताना ती एकदाच म्हणाली, "एवढंच म्हणायचं होतं ना, मम्मी." मी म्हटलं, "उजेड पुरतोय का?"

रविवारी मॅच झाली. मी तिच्या खुर्चीच्या मागे उभी राहिले, सबंध दोन तास, बाजार सोडून. ती ओरडत होती, त्या चौघी तिच्या कानात ओरडत असतील. दोन डाव गेले, तीन आले. संपल्यावर तिने हेडफोन काढला, घामाघूम, आणि विचारलं, "कशी खेळले?" मी म्हटलं, "मस्त."

आये, हे पत्र मी कुठे टाकणार, कपाटात राहील. म्हणून तुला सांगते. पडद्याकडे मी एकदाही बघितलं नाही. दोन तास त्या पंख्यांच्या आवाजावर कान लावून उभी होते.