पहिला घड

देवपूर, धुळे
९ जानेवारी

प्रिय भाऊ,
सप्रेम जय भीम.

इकडे थंडी चांगलीच पडलीय. प्रशील शाळेच्या संचलनात आहे, त्यामुळे पोराला उठवावं लागत नाही. माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात व्यायामाला गुडघ्यांची आणि कंबरांची गर्दी. फैजपूरला केळीची कटाई जोरात असेल.

काल शिल्पावहिनीचा फोन होता. चटणी पाठवू का, हे निमित्त. मग हळूच तुझ्याबद्दल म्हणाली, "मुकादम परत घड उचलू राहिले. बांधावर बसतात, दम खातात, परत जातात." मी लगेच तुला फोन लावला, तर तू हसलास. "आधी लहान घड, मग मोठा. माझा खांदा धरला होता तेव्हा तूच शिकवलं ना व बाई?"

शिकवलं होतं. खांद्यासाठी ते बरोबरच होतं. म्हणून हे पत्र. यात तुला मध्येच हसता येणार नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली खांद्याचा आणि हृदयाचा, दोन्ही स्नायू पट्टेदार दिसतात. पण खांद्याचा स्नायू तुझ्या कटाईच्या टोळीसारखा. काही तंतू ओझं घेतात, बाकीचे तंबाखू मळत बसतात. तू म्हणशील तेव्हा काम, म्हणशील तेव्हा सुट्टी. इजा बरीचशी भरून निघते. हृदयात मात्र सगळ्या पेशी एकमेकींना जोडलेल्या. प्रत्येक ठोक्याला सगळ्यांनीच उचलायचं. तिथे तुझी मुकादमी चालत नाही.

आणि गेलेल्याच्या जागी नवा गडी येत नाही. नुसता व्रण राहतो.

हृदयाच्या झटक्यानंतर जळगावला तुझ्या छातीवर यंत्र फिरवलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. पडद्यावर हृदयाचा खालचा भाग हलतच नव्हता. तू विचारलंस, "काय दिसतं?" मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील." ते 'जड उचलू नका' एवढंच म्हणाले.

तुझ्या या आतल्या टोळीतले बरेच गेलेत, भाऊ. उरलेले त्यांचंही ओझं वाहतायत.

दिवसाचा पहिला घड मुकादमानेच उचलायचा, हा रिवाज मला माहीत आहे. तो टोळीतल्या पितांबरच्या खांद्यावर दे. लोक दोन दिवस बोलतील. बोलू देत.

रविवारी इकडे ये. तुझ्यासाठीही व्यायाम आहे, पण चालण्याचा, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. मी स्टँडवर येते. चटणी नको, केळी नकोत, पिशवीसुद्धा नको.

पहिल्यांदाच तुला रिकाम्या हाताने बोलावणारी,
तुझी प्रज्ञा