घट बसायच्या आधी

९ सप्टेंबर, मंगळवार

नितीनचा फोन. मला नाही, आईंना. आईंना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू, त्यामुळे किचनमध्ये मला सगळं ऐकू आलं. सर्वपित्रीला गाडी घेऊन येतो, तुला आणि देवांना इकडे बदलापूरला आणतो, यंदा घट इथेच बसवू. देव त्यांच्या घराण्याचे, ते मुलाबरोबर जायचे, हे साहेबांना आत्ता आठवलं. जूनमध्ये एक बॅग उचलून त्या बाईकडे राहायला गेला तेव्हा देव नव्हते आठवले.

आई 'बघू' म्हणाल्या. नुसतं बघू.

नवरा गेला, गेला उडत. पण सासू पण नेणार? सोळा वर्षं काढली या बाईबरोबर. माझी आई लग्नाआधीच गेली, आई म्हणून हाक मारायला मला ही एकच.

ठरवलं. घर धुऊन काढायचं. दरवर्षी नवरात्राआधी काढतोच, यंदा कोपरान् कोपरा. घट एकदा बसला की दिवा सोडून आई नऊ दिवस कुठे हलत नाहीत. घर तयार दिसलं की म्हणतील, राहू दे, इथंच बसवू. नऊ दिवसांत माणसाचं मन बदलतं. माझं गणित एवढंच.

१० सप्टें., बुधवार

ड्युटीवरून आले ती थेट माळ्यावर चढले. पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये दिवसभर खोकी, घरी येऊन पण खोकीच. मागच्या गल्लीत कापडाचे लूम, खिडक्या कितीही लावा, कापसाची रुई आत येतेच. पंख्याच्या पात्यांवर पांढरी लव धरलेली. पुसायला गेलं की गोळे होऊन डोळ्यांत.

माळ्यावर निम्मं सामान नि.चं. हेल्मेट, तार तुटलेली रॅकेट, मोबाईलचे रिकामे खोके, बारावीची गाइडं. बारावीची. सगळं गोणीत भरून गोणी गॅलरीत ठेवली. शुक्रवारी भंगारवाला येतो.

११ सप्टें.

गोणी अर्धी झालीय. हेल्मेट परत माळ्यावर, मागच्या बाजूला, ट्रंकेच्या आड. आईंना पाटावरून उठताना दोन माणसं लागतात, त्या स्टुलावर कशा चढल्या? विचारलं. म्हणे, "मांजरानं नेलं आसंल."

आम्ही मांजर पाळलेलं नाही. हसू आलं मला. चहा गाळेपर्यंत टिकलं.

१२ सप्टें., शुक्रवार

गोणी पुन्हा भरली. हेल्मेट ठेवलं जागेवर, मांजरासाठी.

फरजाना (माझ्या शेजारच्या टेबलावर बसते) म्हणाली, कशाला मरतेस, फोन कर, दोन पोरं मशीन घेऊन येतात, दिवसभरात घर नवं करून देतात. घरी आईंना सांगितलं. आईंचा चेहरा असा झाला की मी विषयच बदलला. देवीच्या जागी परक्यानं झाडू मारायचा म्हणजे काय. हे ऐकून इतकं बरं वाटलं. देवीची जागा म्हणाल्या. म्हणजे हॉलचा तो कोपरा अजून देवीचाच आहे त्यांच्या डोक्यात.

फरजानाच्या भावाच्या लूमवर मोठी शिडी आहे, ती मागितली. तर विचारते, "घर साफ करतेस की दिल?" म्हटलं डायलॉग मारू नको, शिडी दे. संध्याकाळी टेम्पोतून पाठवली बिचारीने.

१३ सप्टें., शनिवार

बाबांची तिथी. माझे सासरे. पान मुलानेच ठेवायचं म्हणून नि. आला. तीन महिन्यांनी. बेल वाजवली त्याने. स्वतःच्या घराची बेल.

वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं मी केलं. गच्चीवर पान ठेवून आला, जेवला. जेवताना इकडेतिकडे बघून म्हणाला, घर छान दिसतंय. पाहुणे म्हणतात तसं. केस कमी झालेत. शर्ट नवा, मी न घेतलेला. आईंनी तिसरा वडा वाढला तेव्हा डोक्यात तिडीक गेली.

मग निघाला. आई गॅलरीत उभ्या, खाली बघत. मी हॉलमध्ये. पानांखालचं सांडलेलं होतं, शितं, चटणी. मी केरसुणी घेतली आणि काढला केर. लिफ्टसाठी न थांबता जिन्याने गेला, अजून उतरतच असेल. चपलांचा आवाज येत होता.

आई वळल्या. माझ्याकडे बघितलं, केरसुणीकडे बघितलं. माझ्या हातातून केरसुणी काढून घेतली, दारामागे ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

माणूस घराबाहेर पडला की पाठोपाठ केर काढत नाहीत. मयत उचलल्यावर काढतात. मला काय माहीत नाही का. आणि तेही आज, श्राद्धाच्या दिवशी.

मुद्दाम केलं का? शितं होती खाली. पायाला लागत होती.

१४ सप्टें., रविवार

आई जेवल्या नाहीत. चहा ठेवला तो तसाच, वर साय.

गोधड्या धुतल्या. गच्चीवर टाकी भरली की तासभर पाणी जोरात येतं, तेवढ्यात उरकायचं. दरवर्षी आई मोठ्या टबात साबण टाकून देतात, मी आत उभी राहून तुडवते, त्या माझा हात धरतात, घसरू नये म्हणून. आज एकटीच तुडवत होते नळाला धरून. घसरले. लागलं नाही फारसं, पण बसले तिथेच ओल्यात आणि रडले. जूनपासून पहिल्यांदा नीट रडले असेन. शेजारच्या गच्चीवरची बाई बघत होती. बघू दे.

१५ सप्टें., सोमवार

रात्री ताट घेऊन बसले तेव्हा बोलल्या. भाकरी मोडत, माझ्याकडे न बघता.

"तो मेलेला न्हाय अजून, वैशे."

मी म्हटलं, "आणि मी? मी जिवंत आहे ना, आई?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग मी पण जेवले नाही. दोन ताटं झाकून ठेवली, सकाळपर्यंत भाकरी चामट होणार.

१७ सप्टें., बुधवार

किचन. टाइल्सवर तेलाचा चिकटा, सुरीने खरवडून काढला. एक्झॉस्ट फॅन काढून गरम पाण्यात टाकला. डबे रिकामे केले, ऊन दाखवलं, पुसले, भरले. जिऱ्याच्या डब्यामागे पाल मेलेली, वाळलेली. दोघी एकदम ओरडलो, मग एकदम हसलो. म्हणजे बोलणं सुरू झालं.

आई खाली बसून पितळेची भांडी घासत होत्या, चिंच आणि मीठ. समया, तांब्या, देवीचं तबक. ते तबक कशासाठी लखलखवतायत, इथे लागणार की तिथे, हे विचारायची हिंमत झाली नाही. शेवटी दुसरंच विचारलं. तुम्हाला त्याचा राग येत नाही का?

येतो म्हणाल्या. पहिल्या महिन्यात फोन उचलत नव्हते, बघितलंस ना. मग तो रोज करायला लागला. जेवलीस का, गोळी घेतलीस का. आईचं काय गो, इरघळते. पोटचा हाय. वंगाळ हाय, पन पोटचा हाय. आणि मग म्हणाल्या, "तू शानी हायस. तुझं होईल सगलं. त्याला एकट्याला काय जमतंय?"

एकटा कुठे आहे तो. पण हे नाही बोलले. शहाणी असल्याची शिक्षा ही. जी उभी राहते तिचा हात सुटला तरी चालतं, लोकांना वाटतं ती काय पडणार आहे का. मी पण पडते. परवाच गच्चीवर पडले की.

तरी पाठ दुखेपर्यंत शेजारी बसून घासत राहिले.

१८ सप्टें.

बाथरूम. ऍसिडचा वास, डोळे चुरचुरले. रडायला बरं पडतं बाथरूम. आईंनी बाहेरून दार वाजवलं, काय झालं गो. ऍसिड आहे म्हटलं.

फ्रिज ओढला. मागे नि.चा एक मोजा आणि रुईचा हा एवढा गोळा, बोंड फुटल्यासारखा. मोजा टाकून दिला. मांजराने अजून आणला नाही.

२० सप्टें., शनिवार

हाफ डे घेतला. बाजारात गेले, घट आणला, परडी, काळी माती, सात धान्यं, झेंडू. बाजारातली बाई नेहमीची. म्हणाली, सासूबाई नाही आल्या? गुडघे दुखतात म्हटलं. पुढच्या वर्षी नातवाला घेऊन येतील म्हणाली. सोळा वर्षं हेच म्हणतेय. दरवर्षी मी हसते.

घरी आले, माती ओट्यावर ठेवली. आईच म्हणाल्या, आनलीस? आणि चाळणी घेऊन बसल्या. दिवेलागणीपर्यंत चाळत होत्या. एकेक खडा वेचून बाजूला. मग मुठीत घेऊन बघितली, मऊ झाली का.

मी देवीचा कोपरा तीनदा पुसला. भिंत, फरशी, स्विचबोर्डसुद्धा. चौरंग धुऊन ठेवला. आई बसल्या बसल्या म्हणाल्या, बस कर आता, किती पुसशील. हसत म्हणाल्या.

राहिल्या. मला वाटतं राहिल्या. चाळून कोण घेतं उगाच? फरजानाला मेसेज केला, थांबल्या बहुतेक. तिने हात जोडलेले दहा इमोजी पाठवले.

२१ सप्टें., रविवार. सर्वपित्री

लिहवत नाही, पण लिहिते.

दुपारी नि. आला. मी आईंच्या खोलीत गेले तर आई तयार. नेसून, वेणी घालून. देवांचे टाक लाल फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. तबक, समया पिशवीत. आणि शेजारी घट, परडी, सात धान्यं आणि माती. ती चाळलेली माती. दुधाच्या पिशवीत भरून, वर गाठ मारून.

मी म्हटलं, "आई, माती पण?"

"तुला कशाला लागंल गो आता," म्हणाल्या. साधं म्हणाल्या. बोचावं म्हणून नाही, खरंच. देवच नाहीत तर माती काय करायची, तसं.

तरी मी एकदा विचारलंच. नि. दारात होता, त्याच्यासमोर. मूग गिळून बसणार नव्हते. म्हटलं, "नका जाऊ. मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे. हे मागते."

आईंनी माझ्या गालांवरून हात फिरवला, बोटं मोडली स्वतःच्या कानशिलावर. रडत होत्या. म्हणाल्या, देवी एकाच घरात बसते गो बाय. तो म्हणाला, आई, ट्रॅफिक लागेल. तेव्हा त्याचा जीव घ्यावासा वाटला.

खाली गेले नाही मी. लिफ्टचा आवाज ऐकला.

घर इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. जाळ्या, पंखे, ट्यूबा, सगळं चकचकीत. फरशीत माझं तोंड दिसतं. आग लागो या फरशीला. हॉलमध्ये नुसता चौरंग. फरजानाचा फोन आला, उचलला नाही.

२२ सप्टें., सोमवार

उजाडल्या उजाडल्या फोन. आई. आवाज इतका बारीक की आधी ओळखू येईना. बाथरूममध्ये शिरून बोलत होत्या.

ती बाई बाजूला बसलीय म्हणे, कालपासून. म्हणजे देवाचं ती काहीच करू शकत नाही. घर तर विचारू नको. जागा बदलली तेव्हापासूनची खोकी तशीच, कोपऱ्यात जळमटं, ओट्यावर हात ठेवला तर चिकटतो. नि. म्हणतो, टीव्हीच्या टेबलावर बसव ना आई, काय फरक पडतो. आईंना खाली वाकता येत नाही, घट तर दुपारच्या आत बसायला हवा. "मला हितलं काय घावतंच न्हाय, वैशे. झाडू कुठं ठेवतात ते पन म्हाईत न्हाय."

मग नि.ने फोन घेतला. वैशाली, दोन तासांचं काम आहे. गाडी पाठवू का? असं विचारलं. असं. जसं शिडी मागवतात.

मी काही बोलायच्या आत आईंनी फोन परत घेतला. "तू न्हाय म्हन. सरळ न्हाय म्हन. मी वाईट न्हाय वाटून घ्यायची." फोन कुणीच ठेवेना. तिकडे नळ ठिबकत होता, ऐकू येत होतं.

मग म्हणाल्या, "पन येशील का?"

सांगते म्हणून ठेवला. मग शिव्या घातल्या, मोठ्यांदा, रिकाम्या घरात. त्याला, तिला, आईंना पण. आईंना पहिल्यांदाच. त्या बाईचा ओटा मी घासायचा. तिच्या जळमटांत मी शिडी लावायची. आणि नाही गेले तर तिकडे ती म्हातारी गुडघे दुमडून फरशी पुसेल, ते मला दिसतंय इथूनच.

गिझर लावला. ड्युटीला जायचं तरी आंघोळ करावीच लागते. पाणी तापलं, लाल दिवा गेला. अजून उठले नाही.