तेवीस गप्प पेशी

प्रिय शुभ्रा,

भोरच्या स्टँडवर तुझा मेसेज वाचला. सोमवारी तू परीक्षकांपुढे आपला प्रकल्प मांडणार, आणि पहिल्याच पानावर माझं नाव घालणार. आनंद व्हायला हवा होता. किळस आली.

कॉलेज सोडल्यापासून मला सगळ्याचीच किळस येते. इथे गावी, हिर्डोशीत, नाचणीची मळणी चाललीय, सगळा भुसा घामाला चिकटतो. आई म्हणते, "पेशी बगून झाल्या असतील तर नाचणीतलं खडं बग." बघतो. पण दिसते ती सूक्ष्मदर्शकाची काळोखी खोली आणि खांद्याला खांदा लावून बसलेली तू. पडद्यावर जिवंत पेशी, प्रत्येकीच्या कडेला हिरवी चमकती रेघ. तूच समजावलं होतंस, पेशीची कातडी स्निग्ध रेणूंची असते. त्यातल्या एका रेणूला आपण चमकणारी खूण चिकटवलीय. बाहेरून निरोप आला की तो रेणू तुटतो आणि हिरवा रंग कडेवरून आत पसरतो. औषधाचा थेंब टाकून आपण श्वास रोखायचो. तू त्या पसरण्याचं समीकरण मांडलंस, आणि ते खऱ्या पेशींवर तंतोतंत बसलं. फक्त एका दुपारच्या तेवीस पेशी ढिम्म हलल्या नाहीत.

सर म्हणाले, कचरा आहे, काढून टाका. तू म्हणालीस, नाही, काही पेशी निरोप ऐकूनही गप्प राहतात, तेही समीकरणात यायला हवं. त्यावर ते सगळ्यांसमोर हसले, "भोरच्या बाई आता आम्हाला शिकवणार!" त्या हसण्याची शिसारी अजून जात नाही. मी स्टूल आपटलं, नको ते बोललो, माफी मागितली नाही, आणि सरळ स्वारगेटला जाऊन एसटी धरली. तुला वाटतं, मी त्या तेवीस पेशींसाठी कॉलेज सोडलं.

आता खरं ऐक. त्या दुपारी तू जेवायला गेलीस तेव्हा लाईट गेली. आमच्याकडे लाईट गेली की आधी सगळी बटणं बंद करायची. येताना जादा दाबाने आली तर वस्तू जळते, आमचा टीव्ही तसाच गेला. माझा हात आपोआप गेला. लाईट आल्यावर सूक्ष्मदर्शक लावला, कॅमेरा लावला. पेशींना ऊब देणाऱ्या पेटीचं बटण लावायचं राहिलं. गारठलेल्या पेशी कसली ओ देतात? संध्याकाळी ते दिसलं आणि मी गुपचूप चालू केलं. तू इतकी खूश होतीस, नवीन काहीतरी सापडलं म्हणून माझा हात धरलास. पहिल्यांदाच. तो सुटेल म्हणून बोललो नाही. सरांशी भांडताना मला ठाऊक होतं, पेशींबाबत ते बरोबर आहेत. खरी किळस मला माझी येते.

फोनवर सांगितलं असतं तर तू "असू दे रे" म्हणाली असतीस, आणि मी तेवढ्यावर सुटलो असतो. म्हणून हे पत्र भोरला निघालेल्या आमच्या चिमाजीकाकांच्या हाती तुझ्या घरी धाडतोय. सोमवारच्या आत त्या पेशी काढ, माझं नावही काढ. परीक्षकांनी कारण विचारलं तर हेच पत्र पुढे कर. फक्त तू माझा हात धरलास ती ओळ तेवढी झाकून घे.

तू नको म्हणेपर्यंत तुझाच,
गोरख