किसनरावांना पाजलेला चहा

श्री

आर्वी, मोटार स्टँडसमोर
शनिवार, ता. १८ डिसेंबर १९५४

राजमान्य राजश्री रामाजी व्याही यांच्या सेवेशी, भैयाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. तुमच्या गुडघ्याचं आता कसं आहे? वांग्याच्या वाफ्यात बसलात ते दोघांनी धरून उठवेपर्यंत उठला नाहीत, असं गोपिकेने कळवलं होतं. एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधत जा, आणि वाफ्यातलं काम विहीणबाईंना (तानाबाईंना आमचा नमस्कार) सांगू नका, कारण त्या ऐकतील आणि मग चार गुडघ्यांचं औषध करावं लागेल. गोपिकेला तुम्ही लेकीसारखं ठेवता हे आम्ही विसरलेलो नाही. इकडे आम्ही दोघं खाऊनपिऊन धडधाकट आहोत आणि सोमवारी दुपारपर्यंत छपराखाली आहोत. पुढचं सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुम्हाला आमचं हॉटेल ठाऊक आहे, पण ते आमचं नाही हे बहुधा ठाऊक नसावं. (सोयरीक ठरताना मी ‘आमचं हॉटेल’ म्हणालो होतो. तुम्ही पुढे विचारलं नाही, मीही पुढे सांगितलं नाही. आता पोरीच्या लग्नाला दोन वर्षं झाली, म्हणून लिहितो.) जागा दामोदर मुकुंद कंपनीची. जिल्ह्यात दारूबंदी व्हायच्या आधी या कंपनीची गावोगाव दारूची दुकानं होती. बंदी आली तशी कंपनीने बाटल्या उचलल्या, कपबशा मांडल्या आणि त्याच दुकानांची हॉटेलं केली. भिंती जुन्याच राहिल्या. ओल आली की आमच्या मागच्या भिंतीतून अजून मोहाचा वास येतो, आणि चंद्रभान नावाचं आमचं एक जुनं गिऱ्हाईक बारा महिने त्याच भिंतीला टेकून चहा पितं. अकरा वर्षांपूर्वी मी करारनाम्यावर सही केली. चहापत्ती, साखर, बिस्किटं, सोडा, सगळं कंपनीकडूनच घ्यायचं, कंपनी म्हणेल त्या भावाने, आणि बाहेरची चिमूटभर पत्ती सापडली तरी जागा खाली करायची. ती पत्ती कशी आहे म्हणाल तर उकळली की पाण्याला रंग येतो आणि तिचं काम तिथे संपतं. मी आलं घालतो, वेलची घालतो, वरून गिऱ्हाईकाशी गोड बोलतो. एवढ्यावर भागलं असतं, पण दर तीन वर्षांनी पाहणी असते. कंपनीचा माणूस तीन दिवस कोपऱ्यात बसून कप मोजतो. कप वाढले की भाडं वाढतं. म्हणजे पहाटे चारला उठून चूल पेटवायची मी, मोटारवाल्यांच्या शिव्या खायच्या मी, आणि धंदा वाढवल्याचा दंडही मीच भरायचा. याला कोणी व्यवहार म्हणत असेल तर म्हणो, मला याचा राग येतो. अकरा वर्षं येतो आहे.

तर यंदा मार्गशीर्ष लागला आणि पाहणीला वर्ध्याच्या कचेरीतून प्रभाकरराव आले. बारीक माणूस, गळ्याशी बटण लावलेला कोट, उजव्या खिशात चिंचोके. कप दिसला की एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा अशी त्यांची मोजणी. मला आधीच खबर होती, आणि माझ्या डोक्यात (गोपिकेची आई म्हणते, रिकाम्या जागेत काहीही शिरतं) असं शिरलं की यंदा गिऱ्हाईकच दाखवायचं नाही. मी मोटारीचे ड्रायव्हर, कापसाचे गाडीवाले, आडतीवरची माणसं, सगळ्यांना घरोघर जाऊन सांगितलं की बाबांनो, तीन दिवस माझ्या उंबऱ्याला पाय लावू नका, समोर गुलाबकडे चहा प्या. तुमचे धाकटे बंधू गुलाब यांना त्या कडुलिंबाखालची जागा मीच मिळवून दिली हे तुम्ही जाणताच. (उपकार म्हणून लिहीत नाही, पण लिहिल्यावाचून राहवतही नाही.) गुलाबकडे चार बांबू, एक ताडपत्री आणि एक शेगडी. त्यांच्यावर ना कंपनी ना करार. पत्ती बाजारातून, पटेल त्या दुकानातून. लोक इतके इमानदार निघाले की काय सांगू. तीन दिवसांत प्रभाकररावांच्या डाव्या खिशात नऊ चिंचोके जमले, आणि त्यातले सहा त्यांच्याच चहाचे होते. मी चेहरा पाडून बसलो होतो, पण आतून मला उकळ्या फुटत होत्या.

चौथ्या दिवशी प्रभाकरराव गेले. मी दोन पातेली चढवली, बाकं पुसली, दारात उभा राहिलो. कोणी आलं नाही. पाचव्या दिवशीही नाही. शेवटी रस्ता ओलांडून गेलो आणि चंद्रभानला हटकलं. तो बिनभिंतीचा, उघड्यावर उकिडवा बसून चहा पीत होता. तो म्हणाला, “भैयाजी, राग नोको मानू. अकरा वर्षं मले वाटे चाय असाच राह्यते. इथचा पेलो तवा समजलं.” रामाजी, मी शिवी देणार होतो, पण त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. माझी माणसं मी माझ्याच हाताने चांगल्या चहाकडे लावून दिली होती, आणि एकदा चांगली चव लागलेली जीभ माझ्या ओळखीखातर माघारी कशाला येईल? आठ दिवसांत कंपनीची नोटीस आली. हॉटेल चालत नाही, भाडेकरू नालायक आहे, एक जानेवारीला जागा खाली करावी. मी जे खोटं दाखवलं ते कंपनीने खरं मानलं तोवर ते खरंच होऊन बसलं होतं.

आता पंचांचं ऐका. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्या हॉटेलवाल्यांनी मिळून ओरड केली होती, तेव्हा कंपनीने एक गोष्ट लिहून दिली. करारावरून भांडण झालं तर वर्ध्याचे किसनराव पंच, आणि त्यांचा शब्द दोघांनीही मानायचा. किसनराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर, स्वतः कातलेलं सूत अंगावर, सेवाग्रामला प्रार्थनेला पायी जाणारे, आणि बारा वर्षांपासून चहा सोडलेले. मी त्यांना लिहिलं की दोष माझा नाही, पत्तीचा आहे. कंपनीने जागेचं सरळ भाडं घ्यावं आणि चहा कोणाचा उकळायचा ते माझ्यावर सोडावं, मग हॉटेल चालतं की नाही पाहा. (गिऱ्हाईक मीच हाकललं होतं हे पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं.) त्यांचं उत्तर आलं की मी येऊन स्वतः चहा पिऊन पाहीन, सदोष असला तर तुमची मागणी मान्य. झालं. वाईट चहा पाजला की जिंकलो, आणि वाईट चहाला आमच्याकडे काय तोटा? गोपिकेच्या आईने (अन्नपूर्णा नाव ठेवताना तिच्या बापाला हॉटेलाचं स्वप्न पडलं होतं की काय कोण जाणे) बुधवारीच मला बजावलं होतं, “आलं नोका टाकू, इलायची नोका टाकू. जसा हाय तसाच द्या त्यायले.” मी हो म्हटलं होतं. शपथेवर म्हटलं होतं.

परवा गुरुवारी किसनराव आले. सोबत प्रभाकरराव. म्हातारा माणूस, मोटारीच्या धुळीने पांढरा झालेला. त्यांनी चपला बाहेर काढल्या, देवळात काढतात तशा. बाकावर बसले आणि म्हणाले, बारा वर्षांचा नेम आहे, पण न्यायासाठी एक कप घेतो. मग डोळे मिटून हात मांडीवर ठेवून बसले. मी आत चुलीजवळ गेलो, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि आत पाहिलं. व्याही, तुम्ही आमच्याकडे जेवलेले आहात, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. दारी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाने बारा वर्षांनी तोंड उघडावं आणि मी त्यात ते ओतावं, हे माझ्याच्याने झालं नाही. हात पुढे जाईना. मी किटली उचलली, मागच्या दाराने निघालो, स्टँडला वळसा घालून गुलाबकडे गेलो आणि किटली पुढे धरली. गुलाबनी ती काठोकाठ भरून दिली. पैसेही घेतले नाहीत.

किसनरावांनी पहिला घोट घेतला तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी अकरा वर्षांत माझ्या एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. कप संपवून तळाशी राहिलेलंही त्यांनी घेतलं. मला इतकं बरं वाटलं की आपण काय केलं ते कळायलाच वेळ लागला. मग ते हळूच म्हणाले की या चहात मला दोष दिसत नाही, आणि असा चहा असून हॉटेल रिकामं असेल तर दोष माणसातच असला पाहिजे. प्रभाकररावांनी मान डोलावली. आतून परात आपटल्याचा आवाज आला. मी तिथेच सांगितलं की साहेब, हा माझा चहा नव्हे, समोरच्या गुलाबचा आहे. प्रभाकरराव हसले आणि म्हणाले की हरणारा प्रत्येक माणूस असंच म्हणतो. आमच्या पातेल्यातला दुसरा कप देतो म्हणावं तर किसनरावांचा नेम एका कपापुरताच सुटला होता. ते मला म्हणाले, सोमवारी दुपारी बारा वाजता इथेच निकाल देतो, साक्षीदार असेल तर हजर करा. लगोलग मी गुलाबकडे गेलो. ते शेगडीत फुंकत होते. वर न पाहता म्हणाले, “पाहू सोमवारी.”

असं का म्हणाले ते काल समजलं. कंपनीने आमची जागा गुलाबला देऊ केली आहे. प्रभाकरराव त्यांच्याच बाकड्यावर बसून बोलत होते, आणि आर्वीत बाकड्यावर झालेलं बोलणं कोणापासून लपत नाही. मी गुलाबला वाईट म्हणत नाही. ताडपत्रीखाली तीन पावसाळे काढलेल्या माणसाला पक्क्या छपराची ओढ वाटणारच, आणि त्यांनी चोरी केलेली नाही, गिऱ्हाईक मीच त्यांच्या दारी पाठवलं. पण सही केल्यावर त्यांनाही तीच पत्ती उकळावी लागेल. मग त्या कडुलिंबाखाली दुसरा कोणी शेगडी मांडेल, चंद्रभान उठून तिकडे जाईल, आणि तीन वर्षांनी गुलाब माझ्यासारखे दारात उभे असतील. सोमवारी ते खरं बोलले तर दोष आमच्या पत्तीचा ठरतो, हॉटेल सरळ भाड्यावर सुटतं, आणि मग आत काय उकळायचं हे कंपनी विचारू शकत नाही. गोपिकेच्या आईने आजच भांडी मोजून एका कोपऱ्यात लावून ठेवली आहेत.

विहीणबाईंना पुन्हा नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो सोमवारनंतरही ठेवावा.

आपला,
भैयाजी

ता. क. : एवढं लांबण लावलं ते एका वाक्यासाठी. तुम्ही थोरले आहात, गुलाब तुमचा शब्द खाली पडू देत नाहीत. सोमवारी खरं बोल, एवढं तुम्ही त्यांना सांगावं.

आणखी एक ता. क. : तुम्हाला अक्षर येत नाही आणि तुमची पत्रं रविवारी सकाळी गुलाब घरी आले की तेच वाचून दाखवतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र मी टपालात न टाकता आज त्यांच्याच हाती देतो आहे. पानं सात आहेत. गोपिकेला मी कालच वेगळं कार्ड टाकलं आहे की काकाजी वाचत असताना दाराआड उभी राहा आणि पानं मोजून घे. ती चौथी पास आहे.

शेवटचा ता. क., हा गुलाबसाठी : गुलाबराव, इथवर आलात म्हणजे मोठ्याने वाचत आलात. मी नऊ चिंचोक्यांचं खोटं केलेला माणूस आहे, तुम्हाला खरं बोला म्हणायचा मला हक्क नाही. ते खोटं मी सोमवारी किसनरावांना स्वतः सांगणार आहे, तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी. निकाल माझ्या बाजूने लागला तर शेगडी उचलून आत या. चहा तुम्ही करा, मी कप धुतो. गोपिकेच्या आईला हे अजून सांगितलेलं नाही. आता कागद खाली ठेवा आणि वर पाहा. रामाजी फार बोलणारे नाहीत, पण सगळं ऐकून ते एवढंच विचारतील, “मंग गुलाब, चाय कोनाचा होता?” त्यांना काय सांगाल, तेवढंच सोमवारी किसनरावांना सांगा.