बाबांच्या होडीतलं खारं पाणी

सेलायार, ३ मार्च १९९४
प्रिय मप्पादादास,
तेन्रीचा सलाम, वि. वि.
आई बरी आहे. बाबांना माती देऊन आल्यापासून अंगणातून होडीकडे बघत बसते. ती होडीच आता रुसली आहे. इंजिनाचं हँडल अर्ध्यात अडतं. मिस्त्रीने तेल फवारणारं नोझल काढून हँडल फिरवलं, तर सिलिंडरातल्या पाण्याची पिचकारी त्याच्याच तोंडावर. सिलिंडरावरच्या झाकणाला, हेडला, तडा गेलाय, भंगारात काढा, असं सांगून तो तोंड पुसत गेला. आई म्हणते, होडी विकून टाकू. मग मला शहरात मासे डबाबंद करायला जावं लागेल. दादा, मला समुद्र सोडायचा नाही.
माया कमी करू नकोस.
तेन्री

बालिकपापान, ९ मार्च
चि. तेन्रीस, अनेक आशीर्वाद.
लहानपणी समुद्राचं पाणी पिऊन भोकाड पसरायचीस, आता सिलिंडरातलं चाखून बघ. हेड फुटलं असेल तर पाणी गोडं लागेल, कारण आपलं इंजिन टाकीतल्या विहिरीच्या पाण्यावर थंड राहतं. टाकीही रिती होईल. पाणी काढ, आत तेल सोडून हँडल फिरव. गिऱ्हाईक आलंच तर केळ्याची भजी खाऊ घालून वाटेला लाव.
आईला सलाम.
मप्पा

सेलायार, १४ मार्च
प्रिय दादास, सलाम.
पाणी खारट आहे. टाकी काठोकाठ. तू सांगितलंस तसं केलं, तर इंजिन दिवसभर गुणी पोरासारखं चाललं. सकाळी पुन्हा अडलं. मी खरंच रडले. आईने गिऱ्हाइकाला निरोप धाडला आहे.
तेन्री

बालिकपापान, १९ मार्च
चि. तेन्रीस,
वेडे, रडतेस काय? चालताना कोरडं आणि उभं असताना ओलं, म्हणजे इंजिन ठणठणीत आहे. समुद्राला आत यायला वाट एकच, मागची धुराची नळी. पण बाबांच्या हयातीत असं कधी झालं नाही. होडीचं तोंड कुठे आहे ते बघ.
मप्पा

सेलायार, २४ मार्च
प्रिय दादास, सलाम, वि. वि.
मी कपाळावर हात मारला. बाबा तोंड नेहमी समुद्राकडे ठेवायचे. ते गेले त्या दिवशी आईने आपल्या रीतीप्रमाणे होडी घराकडे वळवली. गेलेल्या मालकाच्या होडीने चाळिसाव्या दिवसापर्यंत घर बघायचं. रात्रभर लाटा मागून नळीवर आपटत होत्या, आणि आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.
चाळिसावा अजून व्हायचाय, त्यामुळे आईला सांगायची छाती होईना. शेवटी तुझं पत्रच वाचून दाखवलं. ती ऐकून उठली. भरतीला लुंगी खोचून पाण्यात उतरली, होडीला हात लावला आणि बाबांशी बोलावं तशी म्हणाली, की घर बघून झालं असेल तर आता कामाला चला. आम्ही दोघींनी मिळून ती वळवली.
आज सकाळी पहिल्याच हँडलला धूर निघाला. मी वळून बघते तो आईने रात्री माकुळांना भुलवून जाळ्यात आणायचे कंदील आधीच होडीत आणून ठेवलेले.
लोभ आहेच. पहिली माकुळं सुकवून तुला धाडते.
तुझी तेन्री